खाडीकाठचा खजिनाशोध

धरमतर खाडीकाठच्या एका रिसॉर्टवर आम्ही घरची मंडळी खजिनाशोध खेळलो. चिठ्ठी निघाली, ‘ज्याची मुळं चिखलातून वर येऊन श्वास घेतात, ते झाड शोधा.’ नातू मोबाइल चाळू लागला. खाडीवर वाढलेली माझी अम्मी म्हणाली, “तिवर!” पोरं चिखलाकडे धावली. “थांबा! आज अष्टमी. तिथीचा पाऊणपट करा.” आठाचे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पाच वाजून गेले होते. पोरं मागे फिरली.

म्हणून सांगतो, चिठ्ठ्या बांधाच्या अलीकडेच ठेवा. भरतीची वेळ आधी काढा. आणि एक कोडं तरी घरातल्या वडीलधाऱ्यांनाच सुटेल असं घाला. बक्षीस चॉकलेटचं होतं. पोरं मात्र रात्री अम्मीभोवती तिथ्या मोजत बसली.