चांदबिबी आणि तिचा परदेशी कादंबरीकार

अहिल्यानगरच्या पूर्वेस शहा डोंगरावर उभी असलेली तीन मजली अष्टकोनी वास्तू चांदबिबीचा महाल म्हणून ओळखली जात असली, तरी ती वस्तुतः मूर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. मंत्र्याच्या कबरीलाही लोकांनी राणीचे नाव द्यावे, इतका चांदबिबीचा ठसा या मुलखाच्या मनावर खोल आहे. एकोणिसाव्या शतकात फिलिप मेडोज टेलर या परदेशातून आलेल्या लेखकाने तिला इंग्रजी कादंबरीची नायिका केले.

१८०८ साली लिव्हरपूल येथे जन्मलेला टेलर १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी मुंबईस आला आणि पुढे हैदराबादच्या निजामाच्या सैन्यात रुजू झाला. १८५३ मध्ये निजामाने कंपनीकडे सोपवलेल्या मुलखापैकी नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडे आला. नळदुर्गाजवळचे तुळजापूर हीच त्याच्या ‘तारा’ (१८६३) या कादंबरीची भूमी असून, तिच्यात शिवाजी महाराज आणि अफझलखान यांच्या संघर्षाचा काळ आला आहे. ‘तारा’, ‘राल्फ डार्नेल’ आणि ‘सीता’ या तीन कादंबऱ्या त्याने अनुक्रमे १६५७, १७५७ आणि १८५७ या वर्षांभोवती गुंफल्या. मराठ्यांचा उदय, प्लासीची लढाई आणि सत्तावनचा उठाव अशा या मांडणीत इंग्रजी सत्तेची स्थापना हिंदुस्थानच्या इतिहासाच्या मध्यभागी येते, आणि तेथे कंपनीच्या अधिकाऱ्याची दृष्टी दिसते.

१८७६ मध्ये टेलर निवर्तला आणि १८७८ मध्ये ‘अ नोबल क्वीन’ ही चांदबिबीवरील कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात इंग्रजी सत्तेपूर्वीचे दख्खन आहे. हुसेन निजामशहाची कन्या आणि विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा असलेल्या चांदबिबीने, १५९५ च्या अखेरीस मुघल शहजादा मुरादने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला असता, बचावाचे नेतृत्व केले. सुरुंगाने, म्हणजे तटाखाली दारू ठासून केलेल्या स्फोटाने, तटाला खिंडार पडले, तेव्हा तिने ते स्वतः उभे राहून लढवले आणि रातोरात बुजवून घेतले. १५९६ च्या तहात वऱ्हाड द्यावा लागला, पण नगर वाचले. १६०० च्या दुसऱ्या वेढ्यात मात्र फितुरीच्या संशयावरून तिच्याच माणसांनी तिला ठार केले.

या काळाचे एक प्रमुख साधन म्हणजे फिरिश्ताची तवारीख, म्हणजे फारसी भाषेतील कालक्रमानुसार लिहिलेला इतिहास. फिरिश्ताही स्थलांतरितच होता; इराणच्या अस्तराबादेत जन्मून तो बालपणी नगरला आला आणि १५८९ मध्ये विजापूरच्या आश्रयास गेला. तवारीखकाराला आश्रयदात्याच्या दरबाराचे बंधन असते, तर कादंबरीकाराला कथानकाचे; म्हणून टेलरची कादंबरी फिरिश्ताच्या शेजारी ठेवून वाचली पाहिजे. नगरच्या वाचकाकडे याखेरीज तिसरा साक्षीदार आहे, तो म्हणजे प्रत्यक्ष किल्ला. आणि या तिघांची उलटतपासणी करणे, हाच चांदबिबीच्या पराक्रमाला न्याय देण्याचा खरा मार्ग आहे.