माणसाने किती वर्षे जगावे?

(वर्षावास प्रवचनमालेतील भाषण)



विषय जरा वेगळा आहे. परदेशातले अब्जाधीश म्हातारपण लांबवण्याच्या संशोधनात पैसा ओतत आहेत. गूगलने 2013 साली त्यासाठी वेगळी कंपनीच काढली. आपल्या घरोघरी शुगरची जी गोळी घेतात, ती मेटफॉर्मिन, तिच्यामुळे म्हातारपण उशिरा येतं का, याची मोठी चाचणी घ्यावी असंही काही शास्त्रज्ञ म्हणतात. पुराव्यानिशी सर्वांत जास्त जगली ती फ्रान्सची झान कालमां, 122 वर्षे. ती 1997 साली वारली. आता दीडशे-दोनशेची भाषा चालू आहे. बौद्ध माणसाने अशी इच्छा धरावी काय?

कुणी म्हणेल, तथागतांनी तृष्णा सोडायला सांगितली, विषय संपला. इतकं सोपं नाही. भन्ते आशीर्वाद देतात त्यात आयु, वर्ण, सुख, बल या चार गोष्टी येतात, आणि पहिलं आयुष्यच येतं. धम्म जगण्याचा कंटाळा करायला सांगत नाही. भवतृष्णा जशी तृष्णा, तशी विभवतृष्णाही तृष्णाच.

महापरिनिब्बान सुत्तात वैशालीच्या चापाल चैत्यापाशी तथागत आनंदाला सुचवतात की, कल्पभर राहणं शक्य आहे. तीनदा सुचवतात. आनंदाच्या लक्षात येत नाही. पुढे तो विनवतो, तोवर वेळ गेलेली असते. कल्पाची गोष्ट शब्दशः घ्यायची की नाही ते भन्ते सांगतील. मला विचाराल तर घेऊ नये. पण त्याच सुत्तात ऐंशी वर्षांचे तथागत आपल्या देहाला पट्ट्यांनी बांधून चालवलेल्या जुन्या गाड्याची उपमा देतात. आणि आपल्या जागी कुणाला बसवत नाहीत. आपल्यामागे धम्म आणि विनय हेच शास्ता, असं सांगतात. आपण नसताना काम कसं चालेल याची सोय त्यांनी केली.

आता तरुण मंडळी विचारतील, बाबासाहेब आणखी वीस वर्षे हवे होते असं वाटत नाही का? वाटतं. कुणाला वाटत नाही? 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षा आणि 6 डिसेंबरला महापरिनिर्वाण. अवघे 53 दिवस! वय 65. मधुमेहाने शरीर पोखरलेलं. 5 डिसेंबरच्या रात्रीही त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची प्रस्तावना मागवून घेतली होती; ग्रंथ 1957 साली निघाला. पण बंधूंनो, काम अर्धं आहे म्हणून वर्षे हवी असणं वेगळं, आणि ‘मी’ कधी संपूच नये असं वाटणं वेगळं. जो ‘मी’ अनित्य आहे त्याला दोनशे वर्षे धरून ठेवायचं कशाला? आपल्याकडे समितीची खुर्ची वीस वीस वर्षे सुटत नाही. माणूस दीडशे जगला तर पोरांनी कधी बसायचं? (हे कुणाला उद्देशून नाही, हसू नका.)

मात्र जी वर्षे आपल्या वाट्याची आहेत, ती सोडायची नाहीत. 1951 च्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं, आज ते 70 च्या घरात आहे. लसी आल्या, पाणी सुधारलं, तान्ही बाळं वाचली. पण ही वाढ सर्वांना सारखी मिळाली नाही. 2022 साली नऊ राज्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दलितांचं आयुर्मान सवर्ण हिंदूंपेक्षा तीन वर्षांहून अधिक कमी निघालं. आर्थिक स्थितीचा हिशेब धरला तरी फरक पुरता मिटत नाही. महाराष्ट्र त्या नऊ राज्यांत नव्हता, पण गटारात उतरून मरणारे कोण असतात हे इथेही सर्वांना माहीत आहे. ही तीन वर्षे मागणं तृष्णा नव्हे, तो हक्क आहे. अब्जाधीशाने शंभराची दीडशे करायची इच्छा धरणं आणि आपल्या माऊलीने साठाची पासष्ट मागणं, हे एका तागडीत घालू नका.

म्हणून समितीपुढे एक सूचना मांडतो. रविवारी वंदनेला इतकी माणसं जमतात, त्यांत निम्मे तरी पन्नाशीच्या पुढचे. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर इथेच बीपी आणि शुगर तपासायची सोय करावी. आपल्यातल्या नर्स भगिनींना विचारा, त्या नाही म्हणणार नाहीत. पहिल्या महिन्याच्या पट्ट्यांचा खर्च मी देतो.

जय भीम, नमो बुद्धाय.