माजी सैनिकाचं मन : पहिली पायरी पनवेलमध्येच हवी

आजचा विषय जरा जड आहे, पण आपल्याच गल्लीतला आहे.

शिपाई म्हणून भरती झालेला फौजी बहुतेकदा पस्तिशी-चाळिशीतच पेन्शनवर घरी येतो. मुलं शाळेत, डोक्यावर कर्ज. मग सिक्युरिटीची नोकरी, तीही अनेकदा रात्रपाळीची. आधीच मोडलेली झोप आणखी मोडते. चिडचिड वाढते, कुणाची दारू वाढते. घरातले म्हणतात, “फौजी आहे, स्वभावच कडक.”

उपचाराची सोय नाही असं नाही. २००३ पासून ईसीएचएस योजना आहे. माजी सैनिक आणि त्याची पत्नी, दोघांनाही पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी आणि औषधं मिळतात, गरज पडली तर तज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी मिळते. मनाचे आजारही त्यात येतात. कुलाब्याला नौदलाचं अश्विनी हॉस्पिटल आहे. पण पनवेलहून हार्बर लोकलनं सीएसएमटीलाच सव्वा तास, पुढे बस, मग रांग. म्हणजे एक खाडा. गुडघ्यासाठी माणूस खाडा करेल. “झोप लागत नाही” म्हणून कोण करणार? त्यात आपल्याकडे ‘ठाण्याला पाठवा’ ही चेष्टा. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून माणसं बरी करतंय, पण आपण त्याचा शब्दच शिवीसारखा करून ठेवला.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. हा माणूस आधीच जिथे येतो, तिथेच विचारपूस व्हावी. बीपीची गोळी घ्यायला आला, की डॉक्टरांनी विचारावं, “साहेब, झोप कशी लागते?” नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी गर्दी होते, तिथे एक समुपदेशक बसवावा. आठवड्यातला एक वार ठरवावा, म्हणजे खाडा पडणार नाही. ही मेहेरबानी नव्हे. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ सांगतो की उपचारासाठी माणसाला लांब जावं लागू नये, सेवा राहत्या जागेजवळ मिळावी. माजी सैनिकांच्या संघटनांनी हे लेखी मागावं.

आणि वहिनी, हे तुमच्यासाठी. फरक सगळ्यात आधी तुम्हाला कळतो. ते डॉक्टरकडे यायला तयार नसतील, तर तुम्ही १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. “मी नसलेलाच बरा” असं ते बोलले, तर ते मनावर घ्या. एकटं सोडू नका. घरात परवान्याची बंदूक असेल तर ती त्याच दिवशी घराबाहेर, सुरक्षित ठिकाणी जाऊ द्या. आणि लगेच जवळचं हॉस्पिटल गाठा.

फौजेत जोडीदाराला एकटं टाकून कुणी परत येत नाही. तुमच्या जुन्या पलटणीतल्या एखाद्याचा बरेच दिवस फोन नसेल, तर आज तुम्हीच लावा. बाकी काही नको, झोपेचं विचारा.

भेटू पुढच्या भागात.