बाटली फेकू नका, बायांनो

(पुलगाव परिसरातील महिला गटांच्या वतीने सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)



आम्ही पुलगावच्या आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया बोलतो आहोत. आमच्यातल्या बऱ्याच जणींकडे स्वतःचं वावर नाही. निंदायला, खत द्यायला, कापूस वेचायला आम्ही दुसऱ्याच्या वावरात रोजीनं जातो. घरचे पुरुष डवरणीला, फवारणीला जातात. आज त्या फवारणीबद्दलच बोलायचं आहे.

आपण घरी काय म्हणतो? "आज ते औषध मारायला गेले." डोकं दुखलं की घेतो ते औषध, अन् पऱ्हाटीवर मारतो तेही औषध. पण त्या डब्यावर एक रंगीत त्रिकोण असतो, तो कधी पाहिला का? लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल विष. पिवळा त्याच्या खालोखाल. मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी. निर्धोक नव्हे. लाल आणि पिवळ्या त्रिकोणावर तर 'विष' हा शब्दच छापलेला असतो. कंपनी त्याला विष म्हणते, कायदा विष म्हणतो, आपणच तेवढं औषध म्हणतो. म्हणून मग त्याचा रिकामा डबा घासून त्यात पाणी भरायलाही आपल्याला काही वाटत नाही.

आपण वर्धा नदीच्या या काठाला राहतो. पलीकडे अमरावती आणि यवतमाळ जिल्हे. दोन्ही काठांवर तीच काळी माती, तीच पऱ्हाटी, तेच फवारे. २०१७ साली पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते तुमच्यातल्या पुष्कळ जणींना आठवत असेल. त्या पावसाळ्यात, जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत, फवारणी करता करता माणसं वावरातच पडायला लागली. कोणाला दिसेनासं झालं, कोणाला उलट्या, कोणाला श्वास घेता येईना. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात ८०० हून जास्त लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि २० पेक्षा जास्त माणसं गेली.

त्याची कारणं पुढे बरीच सांगितली गेली. त्या वर्षी पऱ्हाटी पुरुषभर उंच वाढली होती, म्हणून फवारा डोक्याच्या वर धरावा लागे आणि सगळं तोंडावर येई. झाडं दाट होती, हवा दमट होती, वारा नव्हता. बोंडअळीच्या भीतीनं दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. नव्या पंपांतून फवारा बारीक उडत होता. ही सगळी कारणं खरी आहेत. पण आम्हाला अजून एक गोष्ट दिसते. फवारणाऱ्यांमध्ये मोठा भाग रोजी करणाऱ्यांचा होता. अल्पभूधारक, भूमिहीन, दलित, आदिवासी माणसं. आज एकाच्या वावरात, उद्या दुसऱ्याच्या. कास्तकार वर्षातून चार-सहा वेळा फवारतो. मजूर हंगामभर रोज फवारतो. पीक एकाचं वाचतं आणि विष दुसऱ्याच्या अंगात जातं.

आणि बायांचं काय? पंप बाईच्या पाठीवर क्वचितच असतो, म्हणून कोणी तिला मोजत नाही. पण पाणी आणून देते ती. औषध कालवायला हातभार लावते ती. एका तासात फवारणी चालू असते आणि शेजारच्या तासात आम्ही निंदत असतो. संध्याकाळी फवारणीचे कपडे आमच्याच हातानं धुतले जातात, अन् पुष्कळदा पोराच्या कपड्यांबरोबर एकाच टोपल्यात. हात चुरचुरले, डोकं गरगरलं, तर आपण म्हणतो ऊन लागलं.

आता आमच्या गावात घडलेली गोष्ट सांगतो. भादव्यातले दिवस. आमच्या गटातल्या एका बाईचा नवरा फवारणीहून आला आणि अंगणातच बसला. घामानं चिंब, तोंडातून लाळ, डोळ्यांची बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी. आम्ही चार जणींनी ऑटो केला, त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय मारलं होतं?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं. कोणालाच माहीत नव्हतं. बाटली कुठे आहे? धुऱ्यावर फेकली. वावराच्या मालकाला फोन लावला, तर तो म्हणाला, दुकानदारानं दिलं ते आणलं, नाव ध्यानात नाही. बिल? बिल घेतलंच नव्हतं.

आणि मग दुसरा प्रश्न आला, हळू आवाजात. "घरात काही भांडण झालं होतं का?" आपल्या भागात इतक्या लोकांनी विष घेतलं आहे, की फवारणीत विष चढलेल्या माणसाकडेही आधी त्याच नजरेनं पाहतात. त्याची बायको तिथेच रडायला लागली. शेवटी कागदावर एवढंच लिहिलं गेलं, अज्ञात विष.

माणूस वाचला, ही देवाची कृपा आणि डॉक्टरांची मेहनत. पण तीन आठवडे रोजी बुडाली, गटातून कर्ज काढावं लागलं, आणि पुढे मदत मागायला गेलो तर हातात काहीच नव्हतं. कोणतं औषध, कोणाचं वावर, कोणत्या दिवशी, कशाचाच कागद नाही. त्या दिवशी आमच्या लक्षात आलं, की गरिबाच्या अंगात गेलेलं विष कागदावर आलं नाही तर सरकारच्या लेखी ते झालंच नाही.

तुम्ही म्हणाल, बाटलीचं एवढं काय? ऐका. पहिलं म्हणजे उपचारासाठी. प्रत्येक विषाला उतारा एकच नसतो. काही विषांवर ॲट्रोपिनचं इंजेक्शन चालतं, काहींवर खास उताराच नसतो, लक्षणं पाहून सांभाळावं लागतं. बाटलीवरच्या चिठ्ठीत औषधाचं नाव आणि उतारा लिहिलेला असतो. ती चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात पडली तर वेळ वाचतो. आणि अशा वेळी वेळ म्हणजेच जीव.

दुसरं म्हणजे न्यायासाठी. यवतमाळच्या त्या दुःखातून पुढे काय झालं ते ऐका. विषबाधा झालेले लोक आणि गेलेल्यांची घरची माणसं एकत्र आली. महाराष्ट्र असोसिएशन ऑफ पेस्टिसाइड पॉयझन्ड पर्सन्स या नावानं त्यांची संघटना उभी राहिली. पेस्टिसाइड ॲक्शन नेटवर्क इंडिया ही संस्था त्यांच्या सोबत होती. पोलिसांकडच्या नोंदी पाहिल्या तेव्हा ९६ जणांच्या विषबाधेत 'पोलो' नावाच्या कीटकनाशकाचा उल्लेख सापडला. त्यातले दोन जण दगावले होते. हे औषध सिंजेंटा या स्वित्झर्लंडच्या कंपनीचं. त्यात जे रसायन आहे, डायफेन्थियुरॉन, ते खुद्द स्वित्झर्लंडमध्ये वापरायला बंदी झालेलं. त्यांच्या वावरात चालत नाही, आपल्या वावरात चालतं.

सप्टेंबर २०२० मध्ये या संघटनेनं आणि तिच्या सोबतच्या संस्थांनी ५१ जणांच्या वतीनं थेट स्वित्झर्लंड सरकारकडे तक्रार मांडली. आणि दोन गेलेल्या माणसांच्या बायका व एक वाचलेला शेतकरी, यांनी तिकडच्या बासेल शहरात कंपनीकडे भरपाई मागितली. कंपनीनं जबाबदारी नाकारली. आमचं म्हणणं निकालाबद्दल नाही. यवतमाळच्या खेड्यातली विधवा बाई सात समुद्रापलीकडच्या कंपनीला जाब विचारू शकली, ती कशाच्या बळावर? कोणी तरी, कुठल्या तरी वहीत, औषधाचं नाव लिहून ठेवलं होतं म्हणून.

केरळात कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान फवारत. लीलाकुमारी अम्मा म्हणून एक बाई, कृषी खात्यातल्याच कर्मचारी. त्या १९९८ साली आकाशातली ती फवारणी थांबवा म्हणून कोर्टात गेल्या आणि कोर्टानं मनाई केली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एंडोसल्फानवर देशभर बंदी घातली. २०१७ मध्ये तिथल्या पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये द्या असा आदेश झाला. एका बाईपासून सुरू झालेलं काम इतकी वर्षं चाललं. तिथेही आजारी पोरांच्या आयांनी कागद सांभाळले, रस्त्यावर बसल्या, हटल्या नाहीत.

आता आपल्या राज्याचं सांगतो. यवतमाळच्या घटनेनंतर सरकारनं मृतांच्या घरच्यांना २ लाख रुपये जाहीर केले. नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच कीटकनाशकांची विक्री पश्चिम विदर्भात ६० दिवस बंद केली. पण नोव्हेंबरात फवारणी उरतेच किती? तेव्हा तर वेचणी चालू असते.

एक योजना कायम आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघाताची योजना. कीटकनाशक हाताळताना विषबाधा होऊन मृत्यू आला तर त्यात २ लाख रुपये मिळतात. चांगली योजना आहे. पण ती कोणासाठी? ज्याच्या नावावर सातबारा आहे तो शेतकरी आणि त्याच्या घरातला एक माणूस. ज्याच्याकडे सातबारा नाही, जो दुसऱ्याच्या वावरात रोजीनं फवारतो, तो त्यात बसत नाही. म्हणजे ज्याच्या अंगावर सगळ्यात जास्त विष उडतं, त्याचंच नाव योजनेत नाही. आमचं भांडण इथे आहे, बायांनो.

हे भांडण कास्तकाराशी नाही, हेही सांगून टाकतो. आम्ही हे काम सुरू केलं तेव्हा गावात कुरबुर झाली. "तुम्ही बाया आमच्यावर केस लावणार का?" असं काहींनी विचारलं. दोन जणींना आठ दिवस कोणी कामाला बोलावलं नाही. भीती आम्हालाही वाटली, रोजी गेली तर चूल कशी पेटणार? मग आम्ही त्या कास्तकारांच्या घरी गेलो, त्यांच्या बायकांशी बोललो. म्हटलं, तुमचा पोरगाही फवारतोच ना? बिल घेतलं तर औषध बनावट निघाल्यास तुम्हालाही भांडता येतं. हळूहळू पटलं. सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. तुम्हालाही करता येईल.

गटाच्या बचतीच्या वहीशेजारी आम्ही अजून एक वही ठेवली आहे. फवारणीची वही. कोण कोणाच्या वावरात, कोणत्या तारखेला, कोणतं औषध मारायला गेला, एवढंच लिहायचं. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून लिहून घ्यायचं. मोबाइल असेल तर बाटलीच्या चिठ्ठीचा फोटो काढायचा. बाटली हंगाम संपेपर्यंत पोरांच्या हाती लागणार नाही अशा जागी, घराबाहेर, कुलपात. पाण्याला, तेलाला ती कधीच वापरायची नाही.

कोणाला चढलंच, तर आधी त्याला वावराबाहेर, मोकळ्या हवेत आणायचं. कपडे काढायचे, अंग साबणानं धुवायचं, डोळ्यांवर भरपूर स्वच्छ पाणी मारायचं. हे करताना आपल्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधायची. ओकारी काढायची नाही, दूध-तूप पाजायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि बाटली सोबत न्यायची. दवाखान्यात स्पष्ट सांगायचं, "फवारणी करताना चढलं आहे, कागदावर तसं लिहा." आणि केसपेपरची झेरॉक्स गटाच्या वहीत लावायची.

कोणी म्हणेल, हातमोजे-मास्क घाला म्हणजे झालं. मिळाले तर जरूर घाला. कीटकनाशकांच्या नियमांत, १९७१ पासून, फवारणाऱ्याच्या अंगावर योग्य कपडे असलेच पाहिजेत असं लिहिलं आहे. रोजी देणाऱ्याकडे ते मागायला लाजू नका. पण भादव्याच्या उकाड्यात तो मास्क अर्धा तास तरी तोंडावर राहतो का? जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांचं मिळून जे धोरण आहे त्यातच म्हटलं आहे, की जे विष वापरायला गैरसोयीचे आणि महागडे कपडे लागतात, ते उष्ण प्रदेशातल्या मजुरांच्या आणि लहान शेतकऱ्यांच्या हाती देणं टाळावं. म्हणजे चूक मास्क न घालणाऱ्या मजुराची एवढं म्हणून कोणाला सुटता येत नाही.

आणि शेवटचं काम ग्रामसभेचं. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असा कायदा आहे. आम्ही त्या सभेत तीन ठराव मांडले. फवारणी चालू असलेल्या वावरात त्या दिवशी निंदण ठेवू नये. गावात औषध विकणाऱ्यानं पक्कं बिल द्यावं. आणि सातबारा नसलेल्या शेतमजुरालाही विषबाधेची मदत मिळावी, ही मागणी गावाच्या नावानं सरकारकडे जावी. पहिले दोन ठराव आपल्या गावातच पाळता येतात. तिसरा एका गावानं होणार नाही. त्यासाठी गावोगावचे ठराव लागतील. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात २६ वं कलम आहे, विषबाधेची प्रत्येक घटना कळवणं सरकार सक्तीचं करू शकतं. ते करून घ्यायला आपल्या वह्या कामी येतील.

आम्ही काही मोठ्या शिकलेल्या बाया नाही. तो दवाखान्यातला प्रश्न मात्र आम्ही विसरलो नाही, "काय मारलं होतं?" पुढच्या वेळी उत्तर द्यायला आम्ही तयार राहणार आहोत. तुमच्या गटाची बैठक या आठवड्यात असेलच. बचतीचे पैसे मोजून झाले की एक कोरी वही काढा आणि पहिल्या पानावर आजची तारीख टाका.