न खाजणारा चट्टा



मागच्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई शेकोटीजवळ बसून पिंडऱ्या खाजवत होत्या. पांढऱ्या रेघा उठायच्या. म्हणायच्या, "म्हातारपणाची खाज आहे, जायची नाही."

जरा बाही वर करा. दंडाची आतली बाजू बघा, मग मनगटाची वरची. वय दोन्हींचं एकच. पण आतली मऊ आणि वरची सुरकुतलेली, डागाळलेली. हे काम उन्हाचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण तेंदूपत्त्याला जातो. नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा साडीवर घालता ना, तो घालतच राहा. हसणारे हसू देत.

वयाचाही वाटा आहेच. पाळी गेल्यावर कातडी पातळ होते, अंगचं तेल कमी होतं. बांगडी जोरात लागली तरी निळं पडतं. त्यात सासूबाई कढत पाण्यानं, कपड्याच्या साबणानं अंग घासायच्या. आम्ही पाणी कोमट केलं, अंगाचा साबण काखा-जांघांपुरता ठेवला आणि अंग टिपून ओलसर असतानाच तेल लावायला लागलो. घरचं टोरीचं तेल. थंडीत थिजतं, उन्हात ठेवलं की पातळ होतं. खोबरेलही चालतं. पंधरा दिवसांत खाज बरीच कमी झाली. सिमेंट-गिट्टीच्या कामावर जाणाऱ्यांनी घरी आल्याबरोबर हातपाय धुऊन असंच तेल लावावं, सिमेंट कातडी कोरडी करतं.

दुकानातून गोरेपणाची किंवा खाजेची ट्यूब मनानं आणू नका. काहींत स्टेरॉइड असतं, त्यानं पातळ कातडी आणखी पातळ होते.

तेल लावतानाच मला त्यांच्या पाठीवर तळहाताएवढा फिकट चट्टा दिसला. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून त्यांना माहीतच नव्हता. डोळे मिटायला लावून कापूस फिरवला. कळला नाही. वयानं कातडी सुरकुतते, पण असा चट्टा बधिर होत नाही. तो कुष्ठरोग होता.

सासूबाई रडल्या. "गावात सांगू नको." बाबा आमट्यांनी आपल्याच जिल्ह्यात, वरोऱ्याला १९४९ मध्ये आनंदवन सुरू केलं, तरी ही भीती अजून घराघरात आहे. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. आजार कमी असला तर सहा महिने, जास्त असला तर बारा. गोळ्यांनी लघवी लालसर होते, कातडी थोडी काळवंडते. घाबरून मध्येच सोडू नका. उशीर झाला तर नसा जातात, बोटं वाकतात, आणि ते मग औषधानं सहसा भरून येत नाही.

सासूबाईंच्या गोळ्या उन्हाळ्यात संपल्या. घरातल्या आम्हा सगळ्यांचीही तपासणी झाली. आता आंघोळीनंतर मी त्यांची पाठ बघते आणि त्या माझी.