दोन ठिकाणी, एकच पडदा

९ डिसेंबर १९६८. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सभागृहात सुमारे हजार संगणकतज्ज्ञांसमोर संशोधक डग्लस एंगेलबार्ट बसले होते. मंचावरच्या भव्य पडद्यावर त्यांचा मजकूर दिसत होता, आणि सुमारे ५० किलोमीटर दूर मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेतून सहकारी बिल पॅक्स्टन त्याच मजकुरावर काम करत होते. एका पानावर दोघांच्या खुणा फिरत होत्या. सोबत आवाज आणि चेहराही! सूक्ष्मलहरींचे दुवे आणि खास तयार केलेला मोडेम यांवर पेललेला हा प्रयोग आजही थक्क करतो.

सामान्यांच्या संगणकापर्यंत ही सोय यायला मात्र बराच काळ गेला. केंब्रिजमधल्या ऑलिव्हेट्टीच्या संशोधन प्रयोगशाळेत घडलेली व्हीएनसी ही प्रणाली १९९८ मध्ये सर्वांसाठी मोफत खुली झाली. तिची युक्ती साधी, म्हणूनच सुंदर. पडद्याचा जेवढा चौकोन बदलला तेवढाच जाळ्यावरून पाठवायचा; उलट दिशेने फक्त माऊसची हालचाल आणि दाबलेल्या कळा जातात. त्यामुळे दोन्हीकडचे संगणक एकाच जातीचे असावे लागत नाहीत. अक्षरांचे पान झटपट दिसते, चित्रफीत अडखळते, कारण तिथे क्षणोक्षणी जवळजवळ सगळा पडदा बदलत असतो.

पडदा नुसता दाखवणे वेगळे, ताबा देणे वेगळे.

हा फरक न कळल्याने अनेकांचे पैसे गेले आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने दुरून मोबाईलचा ताबा मिळवून होणाऱ्या फसवणुकीविषयी बँकांना सावध केले. त्या इशाऱ्यानुसार भामटा आधी असा ताबा देणारे ॲप उतरवायला लावतो, मग मोबाईलवर उमटलेला नऊ आकडी क्रमांक विचारतो. तो क्रमांक सांगून परवानगी दिली, की मोबाईलचा ताबा त्याच्याकडे जातो.