चांगली कंपनी आणि महाग शेअर



"अमुक कंपनी झपाट्यानें वाढत आहे; तिचे शेअर घ्यावेत कीं नाहीं?" हा प्रश्न आजकाल घरोघरीं ऐकूं येतो. जेथें पूर्वी सोनें आणि पोस्टाचीं सर्टिफिकिटें यांपलीकडे कोणी पाहत नसे, तेथेंही मुलगा वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडाकडे पाहून तो विचारतो. मी अर्थशास्त्रज्ञ नव्हें. आयुष्यभर मुलांना त्रैराशिक शिकविलें. तेवढ्याच भांडवलावर आज बोलणार आहें.

या प्रश्नांत वस्तुतः दोन प्रश्न गुंतलेले आहेत. कंपनी चांगली आहे काय, हा एक. आणि तिच्यासाठीं मागितलेली किंमत योग्य आहे काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर मिळालें, कीं दुसऱ्याचेंही मिळालें असें आपण समजतों. हा समज किती महाग पडतो, तें अमेरिकेंतील सिस्को कंपनीच्या इतिहासावरून पाहूं.

सिस्को १९८४ सालीं कॅलिफोर्नियांत स्थापन झाली. संगणकांच्या एका जाळ्यांतील संदेश दुसऱ्या जाळ्यांत पोहोंचविणारीं, राउटर नांवाचीं यंत्रें ती करते. इंटरनेट पसरूं लागलें तसा तिचा व्यापारही वाढला. जुलै २००० मध्यें संपलेल्या वर्षांत तिची विक्री सुमारें ५५ टक्क्यांनीं वाढून १८.९ अब्ज डॉलरांवर गेली, व निव्वळ नफा सुमारें २.७ अब्ज डॉलर झाला. त्याच वर्षीं मार्चमध्यें तिच्या सर्व शेअरांची बाजारांतील किंमत ५५० अब्ज डॉलरांच्या घरांत गेली. त्या वेळीं ती जगांतील सर्वांत मौल्यवान कंपनी ठरली.

आतां भागाकार करा. ५५० ला २.७ नें भागिलें, तर उत्तर सुमारें २०० येतें. दरसाल हजार रुपयांचे आंबे देणारी बाग दोन लाखांना घ्यावी, तसा हा व्यवहार. घेणारा म्हणेल, "झाडें अजून लहान आहेत, पीक वाढेल." मान्य, पण किती वाढावें? किंमत नफ्याच्या वीसपट असणें बेताचें मानलें, तर नफा दहापट, म्हणजे दरसाल २७ अब्ज व्हावयास हवा. बाजारांतल्या तुरी त्या. पण त्यांचे पैसे आधींच मोजून झाले होते!

पुढें काय झालें? २००१ मध्यें गिऱ्हाइकांनीं हात आंखडला, आणि सुमारें सव्वादोन अब्ज डॉलरांचा माल कंपनीला हिशेबांतून काढून टाकावा लागला. ८० डॉलरांवर गेलेला शेअर ऑक्टोबर २००२ मध्यें १० डॉलरांच्याही खालीं आला. कंपनी मात्र बुडाली नाहीं. २०२५ च्या हिशेबी वर्षांत तिचा नफा सुमारें १०.२ अब्ज डॉलर होता, जवळजवळ चौपट. हें यश लहान नव्हे, परंतु तें दहापटही नव्हे. शेअरचा २००० सालचा उच्चांक ओलांडला जाण्यास डिसेंबर २०२५ उजाडावा लागला. चाळिशींत शेअर घेणारा तोंवर पासष्टीचा झाला. २०११ पासून त्याला लाभांश मिळूं लागला खरा. पण मधल्या महागाईनें मुद्दलाची बरीच झीज केली होती.

दुसरी बाजूही सांगणें न्यायाचें होईल. ॲमेझॉनचा शेअर १९९९ च्या अखेरीस गांठलेल्या उच्चांकापासून २००१ पर्यंत ९० टक्क्यांहून अधिक उतरला. तो उच्चांक पुन्हां दिसण्यास सुमारें दहा वर्षें लागलीं. पुढें मात्र तो त्याच्या कित्येक पट वर गेला. तेव्हां महाग दिसणारा प्रत्येक शेअर फसवाच, असें म्हणतां येत नाहीं. परंतु तेथेंही दहा वर्षें थांबण्याची ऐपत लागली. ज्याला मधेंच मुलीच्या शिक्षणासाठीं किंवा दुखण्याखुपण्यासाठीं पैसा काढावा लागला, त्याच्या पदरीं तोटाच पडला.

म्हणून आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एखाद्या कंपनीचें नांव घरांत निघालें, तर तिच्या यंत्रांची स्तुति ऐकून घ्या. ती खरीही असेल. नंतर कागद-पेन्सिल घेऊन किंमतीला नफ्यानें भागा. आलेलें उत्तर खरें ठरण्यास नफा किती पट आणि किती वर्षांत वाढावा लागेल, तें शेजारीं लिहा. आणि शेवटीं, तितकीं वर्षें हात न लावतां ठेवतां येईल असा पैसा आपणांपाशीं किती आहे, तें लिहा. तिसरा आंकडा शून्य निघाला, तर पहिले दोन कितीही मोहक असोत, तो व्यवहार आपला नव्हे.